रेण्वीय वैद्यक वॉर्डातून सुरू करा: आयआयटी भिलाईच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
भारतीय प्रौद्योगिकी संस्थान, भिलाई,
कुटेलाभाठा, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड



मॉलिक्युलर मेडिसिनची, म्हणजे रेण्वीय वैद्यकाची पदव्युत्तर पदवी भिलाईत सुरू व्हावी आणि ती आपल्या संस्थेनं सुरू करावी, या मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी एका ओळीची आहे, पण ती कशी पुरी व्हावी याबद्दल मला बरंच बोलायचं आहे. घाईनं सुरू केलेला अभ्यासक्रम न सुरू केलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. न सुरू झालेल्या अभ्यासक्रमापायी निदान कुणाच्या पोरीची दोन वर्षं आणि तिच्या बापाच्या पीएफमधले पैसे तरी जात नाहीत.

मी प्राध्यापक नाही. इथल्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. माहेर गोंदियाचं. लग्न होऊन भिलाईत आले, नवरा इथल्या स्टील प्लांटात, रेल मिलला. पत्र मराठीत आहे याचं आपल्याला नवल वाटेल. हिंदीत लिहिलं असतं तर रायपूरच्या एखाद्या पेपरात चार ओळी आल्या असत्या. पण हा प्रश्न दुर्ग जिल्ह्यापुरता नाही. दुर्गहून निघालेल्या गाडीत राजनांदगाव, डोंगरगड, सालेकसा, आमगाव करत गोंदियाला पोचेपर्यंत राज्याची हद्द कधी ओलांडली ते कळत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारालाही ती कळलेली नाही. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता. तेव्हा हे पत्र गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या आईबापांनीही वाचावं अशी इच्छा आहे. उद्या त्यांचीच मुलं आपल्याकडे शिकायला येतील.

सिकलिंगची जुनी चाचणी आपण कधी पाहिली आहे का? बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाचा थेंब मिसळायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि तिच्या कडा व्हॅसलीननं किंवा सरळ नेलपॉलिशनं बंद करायच्या. आत हवा जाता कामा नये. मग अर्धा तास थांबायचं. सुरुवातीला पेशी गोल दिसतात, मधोमध फिकट. ऑक्सिजन संपत जातो तशा त्यांतल्या काही लांबट होतात, त्यांना टोकं फुटतात आणि बघता बघता सगळं फील्ड विळ्याकोयत्यांनी भरून जातं. द्रावण शिळं असेल तर यातलं काहीच होत नाही आणि रुग्ण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी जातो. म्हणून द्रावण रोज ताजं करायचं आणि पॉझिटिव्ह असल्याचं आधीच ठाऊक असलेलं एक रक्त शेजारी लावून ठेवायचं, ही आमच्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ बाईंची शिस्त होती. एवढं करूनही ही चाचणी फक्त सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे. ते एका पालकाकडून आलंय की दोघांकडून, म्हणजे समोरचा माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. ही दुसरी तपासणी होण्याआधीच ‘सिकल निघाला’ म्हणून मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत.

हे सांगायचं कारण असं की आपण ज्याला मॉलिक्युलर मेडिसिन म्हणतो, ते शास्त्र याच काचपट्टीपाशी सुरू झालं. १९४५ साली एका समितीच्या निमित्तानं जमलेल्या डॉक्टर-शास्त्रज्ञांच्या जेवणात विल्यम कॅसल यांनी लायनस पॉलिंग यांना सहज सांगितलं, की सिकलच्या रुग्णाच्या पेशी शिरांमधल्या रक्तात वाकड्या होतात आणि धमन्यांमध्ये पुन्हा सरळ होतात. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ. ऑक्सिजनशी संबंध आहे म्हणजे दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ताडलं. ते सिद्ध करायचं काम मात्र हार्वी इटानो या तरुणाकडे आलं. इटानो जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ साली बर्कलीच्या विद्यापीठात ते पहिले आले तेव्हा सरकारनं त्यांना कुटुंबासकट छावणीत टाकलं होतं. तिथून सुटून सेंट लुईला जाऊन ते डॉक्टर झाले आणि डॉक्टर झाल्यावर पॉलिंग यांच्याकडे रसायनशास्त्रात पीएचडी करायला आले. निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगवेगळ्या गतीनं सरकतं आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा निबंध नोव्हेंबर १९४९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. सिकलसेल हा रेण्वीय आजार आहे, हे त्याच्या शीर्षकातच होतं. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्राम यांनी दोष नेमका हुडकला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस, एवढंच.

पॉलिंग यांच्या प्रतिभेचं कौतुक सगळे करतात आणि करावंच. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की वॉर्ड पाहिलेला एक डॉक्टर रसायनशास्त्राच्या विभागात विद्यार्थी म्हणून जाऊन बसला आणि त्या विभागानं त्याला बसू दिलं. आपल्याकडे हे आजही सोपं नाही.

आता आपल्या अंगणात पाहू. रायपूर जिल्ह्यात डॉ. प्रदीपकुमार पात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीन लाखांहून अधिक मुलांची तपासणी केली होती. २०११ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले: वाहक सुमारे ९ टक्के, प्रत्यक्ष आजारी हजारात दोन. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. आणि लग्नं जातीतच होतात, त्यामुळे वाहकाची गाठ वाहकाशी पडण्याचा संभव काही समाजांत नुसत्या सरासरीवरून वाटतो त्याहून बराच जास्त असतो. सिकलसेल म्हटलं की सरकारी कागदांवर आदिवासी पाड्याचं चित्र येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. दुर्ग-रायपूरच्या मैदानी भागात साहू, कुर्मी, सतनामी या समाजांतही हा आजार घट्ट रुजलेला आहे. विदर्भात तो गोंडांइतकाच पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांत आढळतो. सुपेल्यात भाजी विकणारी, प्लांटात ठेकेदाराकडे राबणारी, सेक्टरमध्ये धुणीभांडी करणारी ही माणसं आहेत. जंगलात जाऊन शोधायला नकोत.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. २०४७ पर्यंत आजार हटवायचा आणि सात कोटी लोकांची तपासणी करायची, हे उद्दिष्ट. २०२५ पर्यंत तपासलेल्यांचा आकडा सहा कोटींच्या पुढे गेला. काम मोठं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तपासणी झाल्यावर पुढे काय, याला माणसं लागतात. एचपीएलसीचा आलेख वाचता येणारी, हिमोग्लोबिन डी आणि एस जुन्या इलेक्ट्रोफोरेसिसवर एकाच जागी येतात हे ठाऊक असलेली, आणि रिपोर्ट हातात घेऊन समोरच्या बाईशी तिच्या बोलीत बोलू शकणारी माणसं. अशी माणसं घडवणारा अभ्यासक्रम कुठे आहे? रेण्वीय वैद्यकाची केंद्रं दिल्लीला आहेत, जेएनयूत आणि जामिया हमदर्दमध्ये. तिथं चांगलं काम चालतं. तिथं गेलेली भिलाईची मुलं मात्र सहसा परत येत नाहीत. यायला इथं त्यांच्यासाठी काही नसतं.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या सिकलच्या रुग्णांत बहुतांशी आढळणारी जनुकीय पार्श्वभूमी आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा वेगळी आहे. तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही तीच सापडते. या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि ते पेशीला वाकण्यापासून वाचवतं. यावरून बरीच वर्षं असं समजलं जायचं की भारतातला सिकलसेल सौम्य असतो. ज्यांनी मध्य भारतात वॉर्ड सांभाळले त्यांना हे पटत नव्हतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांवर हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी, ठरावीक मात्रेचा अभ्यास केला, किलोमागे १० मिलिग्रॅम रोज. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज, दोन्ही कमी झालं. परदेशातल्या मात्रेच्या मानानं औषध थोडं, खर्च थोडा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही देता येण्यासारखं. त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र लागलं नाही. आपल्या रुग्णाचं नीट निरीक्षण लागलं.

याच्या दुसऱ्या टोकाला डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही आहे. क्रिस्पर तंत्रानं रुग्णाच्या मूळपेशींमधला बीसीएल११ए या जनुकाचा एक नियंत्रक तुकडा तोडायचा, की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. मंजुरीवेळची किंमत २२ लाख डॉलर, आपल्या तेव्हाच्या हिशेबात अठरा कोटींच्या घरात. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेनं विकसित केलेली स्वदेशी उपचारपद्धती, बिरसा मुंडांच्या नावाची ‘बिरसा १०१’, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं. ती परवडणारी ठरो.

पण गंमत पाहा. जे हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी तिकडे अठरा कोटी मोजतात, ते आपल्या अनेक रुग्णांत जन्मतःच वाढलेलं असतं. तरीही एकाच घरातल्या दोन आजारी भावंडांपैकी एक शाळेत जातं, खेळतं, आणि दुसरं दर पावसाळ्यात हाडांच्या दुखण्यानं भरती होतं. हा फरक कुठून येतो? सोबत अल्फा थॅलेसेमिया आहे म्हणून? गर्भाचं हिमोग्लोबिन सगळ्या पेशींत सारखं वाटलेलं नाही म्हणून? वारंवारचा मलेरिया, कुपोषण, की शरीरातलं पाणी कमी होणं? याचं उत्तर बोस्टनमध्ये मिळणार नाही, कारण ते रुग्ण बोस्टनमध्ये नाहीत. ते दुर्ग, बालोद, राजनांदगाव, गडचिरोलीत आहेत. आपल्या एमएस्सीच्या मुलांना प्रबंधाला विषय हवा असेल तर तो तयार आहे.

आता सध्याच्या शिक्षणाची अवस्था. मध्यंतरी रिसालीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी, चांगले मार्क. पीसीआरच्या पायऱ्या तापमानासकट तोंडपाठ. जीएजीचं जीटीजी झालं की ग्लुटामिक आम्लाचं व्हॅलिन होतं, तेही पाठ. मी विचारलं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सिकलची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली तर काय म्हणशील? ती गप्प. त्या वयात बाळाच्या रक्तात बहुतेक गर्भाचंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ती चाचणी फसवते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा दोष नाही. तिच्या कॉलेजात पीसीआरचं यंत्र होतं, पण किट महाग म्हणून त्यावरचं कव्हर निघायचं ते पाहणीला माणसं येणार असली तरच. प्रबंधाचे सहा महिने तिनं एका खासगी लॅबला पैसे भरून काढले. पुढे ती नीटच्या क्लासमध्ये शिकवायला लागली. भिलाईत त्या धंद्याला तोटा नाही.

म्हणून माझी पहिली विनंती: हा अभ्यासक्रम कुटेलाभाठ्याच्या नव्या इमारतीत सुरू करू नका. २०१६ साली रायपूरजवळच्या सेजबहारला उसन्या जागेत सुरू झालेली आपली संस्था आता स्वतःच्या देखण्या आवारात आहे, जीवविज्ञान आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विभागही आहे, याचा आम्हा भिलाईकरांना अभिमान वाटतो. उपकरणं तिथं असू देत. मुलांचं पहिलं सत्र मात्र रुग्णालयात जावं. सेक्टर नऊला प्लांटचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, कचांदुरला सरकारनं ताब्यात घेतलेलं चंदूलाल चंद्राकर वैद्यकीय महाविद्यालय आहे, रायपूरला एम्स आणि सिकलसेल संस्था आहे. प्लांट उभा राहिला तेव्हा इथले तरुण इंजिनिअर सोव्हिएत कारखान्यांत जाऊन प्रत्यक्ष भट्टीपाशी शिकून आले, तेव्हा कुठे १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली भट्टी चालू झाली. आग न पाहता पोलाद शिकवता येत नाही हे या गावाला सांगावं लागत नाही. रक्ताचंही तेच आहे.

आपण म्हणाल, आयआयटीकडे वैद्यकाचं शिक्षण कसं येईल? खरगपूरच्या आयआयटीत २००१ पासून वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं स्वतंत्र स्कूल आहे आणि एमबीबीएस डॉक्टर तिथे तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करतात. वाट मळलेली आहे.

दुसरी विनंती प्रवेशाची. आयआयटीत एमएस्सीला जायचं म्हणजे जॅम परीक्षा. जॅम उत्तीर्ण होणारी मुलं हुशार असतात यात वाद नाही. पण बीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी, घेतलेल्या ज्या मुलीनं बालोदच्या सरकारी दवाखान्यात चार वर्षं रक्त काढलं, जिला नीला सापडत नाही अशा मुलाचं बोट कसं शेकायचं ते कळतं, ती जॅमच्या भौतिक-रसायनाच्या प्रश्नांत अडकणार. तिच्यासाठी वेगळं दार ठेवा. काही जागा एमबीबीएस झालेल्यांना, काही प्रयोगशाळा तंत्रज्ञांना आणि परिचारिकांना, उरलेल्या जॅमनं. एका बाकावर बसले की तिघंही एकमेकांकडून जे शिकतील ते आपल्या कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसेल. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी खाणीतल्या मजुरांनाच शिकवून आरोग्यसेवक केलं. ते हॉस्पिटल आजही चालू आहे. आपल्या प्लांटला लोहखनिज त्याच डोंगरांतून आलं. तिथून थोडी रीतही आणायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट मी स्त्री म्हणून लिहिते. सिकलसेल अभियानात तपासणीनंतर रंगीत कार्डं देतात. लग्नाआधी मुला-मुलीनं आपापली कार्डं ताडून पाहायची अशी कल्पना. कल्पना चांगली, पण कार्ड घरी पोचल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. मुलाचं कार्ड कपाटात जातं, मुलीचं गावभर होतं. आजारी मूल जन्मलं की दोष आईच्या माथी, खरं तर सदोष जनुकाची एक प्रत बापाकडून आल्याशिवाय हा आजार होऊच शकत नाही. आनुवंशिक सल्ला हा कौशल्याचा विषय आहे, तो शिकवावा लागतो आणि त्यात परीक्षा घ्यावी लागते. ‘तुम्ही वाहक आहात, आजारी नाही’ हे वाक्य छत्तीसगढीत, गोंडीत, मराठीत समोरच्याला पटेल असं म्हणता येईपर्यंत मुलांना पदवी देऊ नका. गर्भावस्थेतल्या तपासणीबद्दल बोलायचं तर ते आणखी नाजूक. त्यात निर्णय आईबापांचा, माहिती पुरवणाऱ्यानं न्यायाधीश व्हायचं नाही, हे तरुण पोरांना कुणीतरी नीट बसवून शिकवायला हवं.

याच ओघात गडचिरोलीची आठवण करून देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं सुरुवातीच्या काळात सिकलसेलचा अभ्यास केला होता. त्या संशोधनातून जिल्ह्यात हा आजार आहे हे सिद्ध झालं, पण रुग्णांच्या पदरात तेव्हा काही पडलं नाही. तो लोकांच्या गरजेपेक्षा आपल्या कुतूहलाचा विषय होता, असं पुढे डॉ. बंग यांनीच मोकळेपणानं सांगितलं आणि ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेचं काम लोक जे दुखणं सांगत होते तिकडे वळलं. इतका प्रामाणिकपणा संशोधकांत क्वचित दिसतो. आपल्या विद्यार्थ्यांनी गावात जाऊन रक्ताचे नमुने आणावेत, जरूर आणावेत. पण ज्याचं रक्त घेतलं त्याला त्याचा निकाल त्याच्या भाषेत, ठरल्या मुदतीत परत पोचला नाही तर त्या प्रबंधावर सही करू नका. संमतीपत्रावर अंगठा घेणं म्हणजे संमती घेणं नव्हे. रक्त काढताना मीही अनेकदा पाहिलंय, माणूस कागदाकडे बघत नाही, सुईकडे बघतो.

आणि नोकरी. याविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते आपल्या एकट्याच्या हातात नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात रेणूजीवशास्त्रज्ञ आणि रेण्वीय आनुवंशिकीतज्ज्ञ यांची नावं आली आहेत. टीबीसाठी सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं आहे. कोविडच्या वेळी पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. यंत्रं आहेत, कायदाही आहे. जिल्हा रुग्णालयाच्या आकृतिबंधात मात्र ही यंत्रं समजून चालवणाऱ्या पदव्युत्तर माणसाचं पद असायला हवं. आपण आणि राज्याच्या आरोग्य खात्यानं पहिली तुकडी बाहेर पडायच्या आत ते पद मंजूर करून घ्यावं. नाहीतर नीटचे क्लास वाट पाहतच आहेत.

पहिल्या वर्षी चाळीस मुलं घेऊ नका, दहा-बारा पुरेत. शुल्क असं ठेवा की ठेकेदाराच्या मजुराच्या मुलीला कर्ज काढावं लागणार नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं चालणाऱ्या एमएस्सीला महिना ५,००० रुपये विद्यावेतन मिळतं, निदान तेवढं तरी असावं. आणि जाहिरात काढाल तेव्हा ती इंग्रजी पेपरांबरोबर राजनांदगाव, गोंदिया, गडचिरोलीच्या छोट्या वर्तमानपत्रांतही द्या. पात्रतेच्या रकान्यात ‘बीएमएलटी’ लिहायचं तेवढं राहू देऊ नका.



आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
भिलाई